डिस्क ओरिजिनल आहे, पण कोणत्या लॅपटॉपची?

प्रश्न : मी नाशिकला घरून डीटीपीची कामं करतो. जुन्या मराठी फॉण्टच्या डाँगलसाठी (फॉण्ट चालायला संगणकाला जोडावं लागणारं छोटं उपकरण) मला विंडोज ७ च लागतं. एकवीस महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. दुकानदाराने विंडोज ७ प्रोफेशनलची छापील डिस्क ६०० रुपयांना वेगळी दिली, ती दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपची आहे. बिल घेतलं नाही, पैसे यूपीआयने दिले. महिनाभराने स्क्रीन काळी होऊन ‘ही प्रत अस्सल नाही’ असा संदेश येऊ लागला. ओळखीच्या मुलाने ॲक्टिवेटर (विंडोज अस्सल असल्याचं भासवणारा प्रोग्रॅम) चालवून दिला, तेव्हापासून ठीक चाललंय. दुकानदार म्हणतो, डिस्क ओरिजिनलच आहे. सॉफ्टवेअर हा माल आहे आणि तो पुन्हा विकता येतो, असं सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय ना? पैसे परत मिळतील का? पोलीस केस होऊ शकते का?

उत्तर : डिस्क ओरिजिनल आहे, हे मी धरूनच चालतो. त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) काढून वाचा. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याला ती ‘ज्या कामासाठी पुरवली गेली’ त्या कामापुरती उतरवून घेता येते. तुमचं सगळं प्रकरण या शब्दांवर उभं आहे, कारण डिस्कवरून विंडोज बसवणं म्हणजेच प्रत करणं. ही डिस्क पुरवली गेली ती दुसऱ्या एका लॅपटॉपसोबत, त्याच्यासाठी. यंत्रासोबत येणाऱ्या विंडोज ७ च्या परवान्यातही अट स्पष्ट आहे : सॉफ्टवेअर दुसऱ्याला द्यायचं तर परवाना असलेल्या संगणकासोबतच, आणि अस्सलपणाचं लेबलही त्याबरोबर गेलं पाहिजे. सुटी डिस्क विकून परवाना हातोहात जात नाही. दुकानदाराने ६०० रुपयांना तुम्हाला प्लास्टिकची तबकडी विकली. स्वतंत्र पेटीत मिळणाऱ्या रिटेल प्रतीची गोष्ट निराळी. तिथे पहिल्या ग्राहकाला एकदा हस्तांतर करता येतं. तुमची डिस्क ती नाही.

सुप्रीम कोर्टाचा जो निकाल तुमच्या कानावर आला, तो बहुधा मार्च २०२१ चा इंजिनिअरिंग ॲनॅलिसिस प्रकरणातला असावा. तो परदेशी कंपन्यांना दिलेल्या सॉफ्टवेअरच्या पैशांवर कर कापायचा की नाही, याबद्दल होता. त्यात प्रतीच्या पुनर्विक्रीची चर्चा आहे आणि एखादा वकील तिचा आधार घेऊ शकेल. पण त्या डिस्कवरून दुसऱ्याच यंत्रावर विंडोज चालवायची मुभा त्यातून मिळते, असं मी तरी सांगणार नाही.

म्हणून आधी लॅपटॉप उलटा करा. विंडोज ७ च्या काळातल्या यंत्रांच्या तळाशी, काही वेळा बॅटरी काढल्यावर आतल्या खाचेत, लेबल असतं : वर आवृत्तीचं नाव, खाली पाच-पाचच्या पाच गटांत २५ अक्षरं, म्हणजेच विंडोजची चावी. पुसट असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, पुष्कळदा वाचता येतं. त्यावर ‘प्रोफेशनल’ लिहिलं असेल तर त्या यंत्राचा स्वतःचा परवाना तुमच्याकडे आहे, आणि डिस्क फक्त बसवण्याचं साधन ठरते. त्या स्थितीत तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. ‘होम प्रीमियम’ असेल तर ती चावी प्रोफेशनलला लागत नाही, त्याच आवृत्तीची डिस्क हवी. अधिकृत रिफर्बिशरने (जुनी यंत्रं नीट करून विकणाऱ्याने) विकलेल्या यंत्रावर त्याचं वेगळं लेबल असतं, तेही चालतं. कसलंच लेबल नसेल, तर परवाना आहे हे दाखवायला तुमच्या हातात काही नाही.

महिन्याने स्क्रीन काळी का झाली, तेही समजून घ्या. लॅपटॉप कंपनीच्या डिस्कमधली चावी त्याच कंपनीच्या बायोसमधली, म्हणजे यंत्रातच कोरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममधली, खूण शोधते. परक्या यंत्रावर ती खूण सापडत नाही. काही डिस्का तिथेच अडतात, काही बसतात पण सक्रिय होत नाहीत आणि ३० दिवसांची मुदत संपली की संदेश सुरू होतो. तो संदेश ही तुमच्यासाठी लेखी सूचनाच होती. त्यानंतर ॲक्टिवेटर चालवणं ही या प्रकरणातली सर्वांत वाईट चूक, आणि ती दुकानदाराची नाही, तुमची आहे. कलम ६३ब ‘जाणूनबुजून’ बेकायदा प्रत वापरणाऱ्याला लागतं : किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण तुम्ही त्यावर धंदा करता. संदेश येईपर्यंत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता आलं असतं. आता ते अवघड आहे. संरक्षणाची कुलपं तोडण्याबद्दलचं कलम ६५ए लागेल की नाही, हे हेतूवर ठरेल, त्याबद्दल आत्ता ठाम बोलत नाही. एकट्यादुकट्या घरगुती लॅपटॉपसाठी पोलीस दारात येतील असं मला वाटत नाही. तरी त्या भरवशावर राहू नका.

मायक्रोसॉफ्टची किंवा तिच्या वकिलाची नोटीस आली असेल तर लॅपटॉपवरची एकही फाइल पुसू नका, थेट वकील गाठा. आली नसेल, तर आधी पुरावा जमवा : डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो (‘फक्त नव्या संगणकासोबत वितरणासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिच्यावर बहुधा सापडेल), यूपीआयची नोंद, दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲप. मग कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि विंडोज मुळापासून बसवा. ‘अपग्रेड’ निवडू नका, ‘कस्टम’ निवडून जुनी पार्टिशनं (हार्ड डिस्कचे पाडलेले भाग), सुरुवातीची १०० एमबीची छोटी धरून, काढून टाका. ॲक्टिवेटर पुष्कळदा बूटच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या, भागात शिरून बसतो, नुसतं वरून बसवलं तर तो जात नाही. चावी लेबलवरचीच टाका. नंतर कमांड खिडकीत ‘एसएलएमजीआर’, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ टाइप करा. परवाना कोणत्या चॅनलचा, म्हणजे कोणत्या वाटेने विकलेला, आहे ते दिसतं. तिथे ‘व्हॉल्यूम’ आलं तर ती संस्थांना दिली जाणारी चावी आहे, तुमची नव्हे. आणि १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, तेव्हा हे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती संदेश आला त्या दिवसापासून मोजावी असं म्हणता येईल, पण तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे उरले तीन महिने. एकवीस महिने कशाची वाट पाहिली, ते तुम्हीच जाणे. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असल्याने तुम्ही ‘ग्राहक’ ठरायला हरकत नसावी, आणि बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. या आठवड्यात दुकानदाराला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. एवढ्याने मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही तिथे राहता, पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. तारखा मात्र वर्ष-दोन वर्षं सहज खातात, आणि ६०० रुपयांसाठी माणसाला असं झुलवणं मला संतापजनक वाटतं. म्हणून नोटिशीत पूर्ण रकमेऐवजी लेबल असलेलं दुसरं यंत्र बदलून मागा, दुकानदाराला तेच सोपं जाईल. तक्रारीत ॲक्टिवेटर लपवू नका. उलटतपासणीत तो निघतोच.