बारावीचे टक्के, सीईटी आणि न्यू जर्सीचा मामा

प्रश्न: मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीत ७० वर आली. तिला वकील व्हायचंय. क्लासवाले म्हणतात, नव्वदी गाठली नाही तर चांगलं कॉलेज विसरा. न्यू जर्सीचा तिचा मामा म्हणतो, आत्ताच सॅट दे, मग एलसॅट, सरळ अमेरिका. कशाच्या मागे लागायचं?
– एक आई, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: ताई, आधी त्या नव्वदीचं बघू. मी लॉला गेले तेव्हा बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागायची. २०१६ला राज्याची लॉ सीईटी आली आणि ते संपलं. आता पाच वर्षांच्या कोर्सला खुल्या गटात बारावीचे ४५ टक्के पुरतात. मेरिट लागतं ते सीईटीच्या गुणांवर. ठाण्याचं टीएमसी लॉ कॉलेज असो की चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ, रस्ता हाच. मला स्वतःला हे फारसं पटत नाही. दोन तासांच्या पेपरात चिकाटी कुठे दिसते? आणि कोर्टात तर तीच लागते. पण नियम आहे तो आहे.

सीईटीत चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पेपर मराठीतही असतो. मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला मात्र क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते: १२० प्रश्न, दोन तास, सगळं इंग्रजीत, आणि चुकलं की पाव गुण वजा. तिथे अंदाजपंचे चालत नाही. ती हल्ली डिसेंबरात असते, म्हणजे बोर्डाच्या आधी. उतारे लांबलचक असतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचायला सांगा.

मामांचं अर्धंच बरोबर. अमेरिकेत बारावीनंतर लॉ नाहीच. आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची जेडी, म्हणजे तिकडची वकिलीची पदवी. सॅट ही पहिल्या पदवीच्या प्रवेशासाठीची परीक्षा. कोविडमध्ये बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२मध्ये आणि हार्वर्डने २०२४मध्ये पुन्हा सक्तीची करत असल्याचं जाहीर केलं. एलसॅट ही जेडीच्या प्रवेशाची परीक्षा, गुण १२० ते १८०. तिकडे पदवीचे गुण, निबंध, शिफारसपत्रं हेही बघतात. पण भाबडेपणा नको. प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्मी मुलं एलसॅटच्या ज्या गुणांच्या वर आहेत, तो आकडा लॉ स्कूलना जाहीर करावा लागतो आणि कॉलेजांच्या क्रमवारीत तो धरला जातो. तो घसरू नये याची धास्ती त्यांनाच जास्त. म्हणून पदवीला बेताचे गुण असलेल्यालाही तगड्या एलसॅटवर शिष्यवृत्ती मिळू शकते.

एक गोष्ट मात्र मामा विसरले. इथे एलएलबी करून तिकडे एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे लॉचं पदव्युत्तर शिक्षण, करता येतं, आणि त्याला बहुतेक ठिकाणी एलसॅट मागत नाहीत. सॅटच्या क्लासचे पैसे आत्ता भरू नका. जातीचा दाखला किंवा नॉन-क्रीमी लेयर लागणार असेल, तर त्याचा अर्ज मात्र आजच टाका. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.