वाचकांचे प्रश्न : टेबलावर बसून पृथ्वीप्रदक्षिणा

प्रश्न : ताई, माणसं नेणाऱ्या अंतराळयानातला जीपीएस रिसीव्हर उड्डाणाआधी जमिनीवर कसा तपासतात? मोबाइलमधलाच तिथे का चालत नाही?
— एक विद्यार्थी

उत्तर : मोबाइलचं आधी सांगते, ते थोडक्यात आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर पळतं. त्या वेगाने उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास सरकू शकते. जमिनीवर ती जेमतेम ५ सरकते. मोबाइलची चिप इतक्या लांब सिग्नल शोधायला जातच नाही.

आता चाचणी, जे माझं रोजचं काम आहे. रिसीव्हरला अँटेनाऐवजी सिम्युलेटरची केबल जोडतो. यान ज्या क्षणी जिथे असेल, तिथे प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल जितक्या उशिरा आणि जितका क्षीण पोचेल, तसाच तो सिम्युलेटर तयार करतो. रिसीव्हर टेबलावर जागचा हलत नाही, आणि त्याच्या हिशेबाने मात्र दीड तासात पृथ्वीला एक फेरी होते. ‘खरं’ स्थान आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे त्याची चूक मीटरमध्ये मोजता येते.

कंपन, निर्वात, किरणोत्सर्ग याही चाचण्या असतातच. पण माझा जीव अडकतो तो सिग्नल तुटण्याच्या चाचणीत. परतताना यानाभोवती तापलेल्या वायूचं, प्लाझ्माचं आवरण तयार होतं आणि काही मिनिटं सिग्नल मिळत नाही. तेवढा वेळ यानातला संगणक गायरो (वळण मोजणारा) आणि अ‍ॅक्सिलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा) यांच्यावर निभावून नेतो.

एका रात्री मी कक्षेतल्या वेगाने फेरी चालू असताना सगळे उपग्रह एकदम बंद केले. पडद्यावरचे आकडे गोठले, पण शेजारचा ‘व्हॅलिड’ फ्लॅग, म्हणजे स्थान भरवशाचं असेल तर १ आणि नसेल तर ० दाखवणारी खूण, १ वरच राहिला. अकरा सेकंद. तेवढ्यात यान ८५ किलोमीटर पुढे गेलेलं, आणि रिसीव्हर जुनीच जागा खात्रीने सांगतोय! असं स्थान संगणकाने खरं मानलं, तर गायरोवरचा चांगला हिशेबही बिघडतो. आणि आत माणसं बसलेली असतात.

अचूकतेच्या सगळ्या चाचण्यांत हाच रिसीव्हर पास झाला होता. कारण सापडायला चार दिवस गेले. स्थान ताजं आहे का, हे पाहणारा कोड नवं मोजमाप आलं की चालायचा. मोजमापच येईना, तेव्हा तो कोडही चालेना. एक-दोन उपग्रह हरवले तर सगळं ठीक, सगळे हरवले तरच चूक. आम्ही ती तपासणी घड्याळाला बांधली, म्हणजे मोजमाप येवो न येवो, ती चालणारच.

तेव्हापासून मी आधी तो फ्लॅग पाहते, मीटर नंतर. दुरुस्तीनंतर सिग्नल पुन्हा तोडला, तेव्हा दुसऱ्या सेकंदाला फ्लॅग ० झाला. मग तीच चाचणी वेगवेगळ्या क्षणी दोनशे वेळा केली.