संध्याकाळी पाचपर्यंत कुणाशी बोलाल?

समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्या भेटीला ती एक्सेल शीटची छापील प्रत घेऊन आली. घरखर्च, हप्ते, विमा, मुलीची शाळा, सगळं महिन्यागणिक मांडलेलं. शेवटच्या ओळीत १४ महिन्यांची तरतूद दिसत होती. कागद माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, “मॅडम, आकडे जुळतात. तीनदा तपासलेत. तरी राजीनामा जात नाही माझ्या हातून. सात महिने ड्राफ्टमध्ये पडलाय. दर रविवारी संध्याकाळी उघडते, एखादा शब्द बदलते आणि बंद करते. एवढी भीती वाटते, त्या अर्थी मी या वाटेच्या लायकीचीच नाही का?”

वय ३८. मोठ्या कंपनीत १४ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सहा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. रात्री मुलगी झोपली की चित्रं काढायची, मुख्यतः लहान मुलांच्या पुस्तकांसाठी. दोन पुस्तकं छापून आली होती. आता पूर्णवेळ हेच करायचं होतं: स्वतःच्या नावावर, एकटीने. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

शेवटचा प्रश्न माझ्याकडे फार जण घेऊन येतात. कुणी लेखक व्हायचं म्हणतो, कुणी छायाचित्रकार, कुणाला मातीची भांडी घडवायची असतात. प्रश्न तोच. भीती वाटते, म्हणजे आतून नकार आला, असा अर्थ ते लावतात. मला तसं वाटत नाही. बहुतेकदा एखादा प्रश्न नीट विचारलाच गेलेला नसतो आणि भीती त्या प्रश्नाला धरून बसलेली असते.

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, “राजीनामा देऊन वर्ष झालंय असं समजा. सोमवार आहे. सकाळपासून काय काय केलंत ते सांगा.”

ती खुलली. खिडकीजवळचं टेबल, जलरंग, पुस्तकाचं तिसरं पान. मी विचारलं, “आणि संध्याकाळी पाचपर्यंत कुणाकुणाशी बोललात?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कुणाशीच नाही.”

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एक तरुण असाच आला होता. पैशांची तयारी उत्तम आणि उत्साह इतका, की मीही त्यात वाहवत गेले. त्याने नोकरी सोडली आणि पाचव्या महिन्यात तो परत आला. पैसे शिल्लक होते, कामही होतं, पण सकाळी उठवत नव्हतं. मी त्याला दिवसाबद्दल काही विचारलंच नव्हतं. ते अजून मनाला लागतं.

नोकरी सुटल्यावर माणसाच्या दिवसाचं काय होतं, यावर मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञाने मूलभूत काम केलं आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात एकच मोठी गिरणी होती. ती १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधकांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच पुन्हापुन्हा थांबत होते. पुढे याहोडा यांनी मांडलं, की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी न मागता देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून गाठायचं उद्दिष्ट, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल.

मारिएन्थालच्या लोकांवर बेकारी कोसळली होती आणि ही बाई आपणहून निघाली होती. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मी तिला सांगितलं. पण त्या पाच गोष्टी सुटतात दोघांच्याही. तिच्या शीटमध्ये पगाराचा पर्याय होता, या पाचांतल्या एकीचाही नव्हता. सात महिने अडलं होतं ते इथे.

दुसऱ्या भेटीत थकव्याबद्दल बोललो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. तिच्यात पहिली खूण थोडी होती, बाकी दोन नव्हत्या. कामात ती अजून चोख होती, टीमवर तिची माया होती. तिन्ही खुणा ठळक असत्या, तर मी आधी विश्रांती आणि उपचारांचं बोलले असते. पार थकलेल्या माणसाला कुठलंही दार सुटकेचं वाटतं आणि त्या घाईत घेतलेला निर्णय चित्रकलेबद्दलचा नसतोच.

मग मी एक प्रयोग सुचवला. दोन आठवड्यांची रजा काढायची आणि नोकरी सुटली आहे असं समजून दहा दिवस कामाचे जगायचे. तासातासाची नोंद ठेवायची. त्याआधी घरचा अभ्यास म्हणून नेमणूकपत्र वाचून यायला सांगितलं. १४ वर्षांत तिने ते उघडलंच नव्हतं! बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागेल, असं एक कलम त्यात निघालं. तिने ती मागितली आणि कंपनीच्या कामाशी संबंध नाही म्हणून ती मिळालीही. ही पायरी लोक गाळतात. काही करारांत नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीवर कंपनीचा हक्क असतो. चित्र तुम्ही काढलंत तरी ते तुमचंच असेल असं नाही. शंका असेल तर वकिलाला दाखवावं.

रजेनंतर ती वही घेऊन आली. एकूण ६१ तास काम, त्यात प्रत्यक्ष चित्रांचे २६. बाकीचे तास प्रकाशकांना मेल, नमुन्यांची जुळवाजुळव, फोन, कोटेशन, बिल, फायली शोधणं आणि करेक्शन यांत गेले होते. मला वाटलं, ती खचली असेल. तसं नव्हतं. “मॅनेजरीच केली मी अर्धा वेळ, ती येतेच मला,” ती म्हणाली. तिला लागलं होतं ते वेगळंच. वहीत चौथ्या दिवशी एकच ओळ होती: ‘कोटेशन लिहिलं. पाठवायच्या आधी आकडा निम्मा केला.’

“कुणी कमी करायला सांगितलं होतं?”

“नाही. मला वाटलं, एवढे कोण देईल मला.”

पुढच्या तीन भेटी या एका ओळीवर गेल्या आणि सगळ्यांत मोलाचं काम त्यातच झालं असं मी मानते. कंपनीत असताना तिने कामाचे आकडे ठरवले होते, तेही मोठे, आणि वाटाघाटींत कधी माघार घेतली नव्हती. पण तेव्हा किंमत कंपनीच्या कामाची होती. आता दर सांगणं म्हणजे आपली किंमत सांगणं झालं होतं आणि ‘नाही’ आलं तर तो नकार आपल्यालाच, असं तिच्या मनाने धरलं होतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. घटना आपल्याला थेट दुखावत नाही, तिच्याबद्दलची आपली धारणा दुखावते, हे या पद्धतीचं सूत्र. तिची धारणा आम्ही कागदावर उतरवली: ‘माझा दर नाकारला, म्हणजे मी नाकारली गेले आणि हे मला सोसवणार नाही.’ मग एकेक तुकडा तपासला. प्रकाशक दर नाकारतो तेव्हा त्याच्यासमोर काय असतं? त्याचं बजेट, पुस्तकाची पानं, आधी ठरलेला दुसरा चित्रकार. त्यात तुम्ही माणूस म्हणून कुठे आहात? आणि ‘सोसवणार नाही’ म्हणजे नेमकं काय होईल? ती म्हणाली, “एक दिवस वाईट जाईल. फार तर दोन.”

हे डोक्याला पटतं, पोटातला गोळा तेवढ्याने जात नाही. म्हणून कृती दिली: पाच ठिकाणी पूर्ण दराचं कोटेशन पाठवायचं आणि पाठवताना नकार गोळा करायला निघालो आहोत असं समजायचं.

त्यासाठी दर नव्याने बसवावा लागला, कारण जुना चुकलेलाच होता. तिने महिन्याचा पगार ऑफिसच्या तासांनी भागून तासाचा दर काढला होता. जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. पण कंपनी सुट्टीचेही पैसे देते, विमा भरते, संगणक देते, रिकाम्या गेलेल्या तासाचाही पगार देते. एकट्याने व्यवसाय करायचा तर वर्षाचा घरखर्च, त्यात कर, विमा, साहित्य, आजारपण, काम नसलेले महिने, हे सगळं धरायचं आणि त्याला फक्त बिलात येणाऱ्या तासांनी भागायचं. तिचे असे तास होते ६१ पैकी २६. एवढ्या एका दुरुस्तीने दर दुपटीच्या वर गेला, बाकीचे खर्च त्यावर वेगळे. शिवाय कोटेशनमध्ये चार ओळी कायमच्या आल्या: निम्मी रक्कम आगाऊ, किती करेक्शन या दरात आणि त्यापुढे किती, चित्र नेमकं कशासाठी आणि किती काळ वापरता येईल, काम मध्येच थांबलं तर किती पैसे.

पाचांपैकी दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने ‘परवडणार नाही’ असं कळवलं. एकाने त्याच दरात कमी चित्रं मागितली. पाचव्याने एका ओळीत होकार दिला, आणि त्या होकारानेच ती सगळ्यांत जास्त अस्वस्थ झाली. “म्हणजे मी कमी सांगितले का?” मी काही न बोलता तिच्याकडे पाहिलं. दोन क्षणांनी ती हसायला लागली. आपलं मन होकारातसुद्धा स्वतःविरुद्ध पुरावा शोधतं, हे तिचं तिलाच दिसलं होतं.

त्यानंतरच्या भेटीत तिचे पती आले. विरोध करतील अशी तिची अपेक्षा होती. ते म्हणाले, “माझा एकच प्रश्न आहे. किती दिवस?” हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, मुदत ठरवली म्हणजे आपल्यावर विश्वास नाही. मी तिच्याशी इथे सरळ असहमत झाले. मर्यादा आखलेली नसेल तर घरातलं प्रत्येक बिल निर्णयाची फेरतपासणी होऊन बसतं. दोघांनी मिळून ठरवलं: खात्यात पाच महिन्यांचा खर्च उरला की नोकरीसाठी अर्ज सुरू करायचे, आणि तोपर्यंत ‘कसं चाललंय’ हा विषय महिन्यातून एकदाच काढायचा. पुढच्या वेळी ती म्हणाली, त्या रात्री झोप लागली.

तिच्या बाबांचं मात्र “एवढं शिकून चित्रं काढणार?” हे वाक्य आजही तसंच आहे. त्यांना पटावं ही तिची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. त्यांना पटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही अट मात्र तिने सोडली.

पैशासाठी चित्रं काढली तर त्यातला आनंद आटेल का, हीही धास्ती होती. ती निराधार नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. पोटापाण्याचा व्यवसाय आणि बालवाडीतलं बक्षीस यांची तुलना ताणू नये. पण एक वही कधीच विकायची नाही, कुणाला दाखवायचीही नाही, एवढी सोय करून ठेवायला काय हरकत आहे? तिने केली.

राजीनामा लगेच द्यावा असं मी सुचवलं नाही. रॅफी आणि फेंग या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात, नोकरी सांभाळत व्यवसाय सुरू करून मग त्यात पूर्णवेळ आलेल्यांचा व्यवसाय गुंडाळला जाण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसली. ज्यांना नोकरीत श्वास घेता येत नाही त्यांना हे लागू करू नये. तिला घेता येत होता. परवानगी हातात होती, म्हणून आणखी नऊ महिने तिने दोन्ही सांभाळलं. तेवढ्यात तीन प्रकाशक नियमित झाले. अशाच एकट्याने काम करणाऱ्या दोघींबरोबर तिने रोज सकाळी साडेनऊचा व्हिडिओ कॉल ठरवला. दिवसभरात काय करणार हे तिघी सांगतात, दोन तास गप्प बसून आपापलं काम करतात आणि दुपारी सुट्टी घेऊन गप्पा मारतात. दिवसाला आकार आणि माणसं, दोन्ही त्यातून आलं. नव्या माणसाला ओळख करून देताना कंपनीचं नाव तोंडात यायचं. “मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते” हे वाक्य तिने माझ्यासमोर कितीतरी वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आवाज शेवटी खाली गेला होता.

राजीनाम्याचा मेल एका मंगळवारी गेला. रविवारी ज्या शब्दांवर ती अडायची ते मी नंतर विचारले. ‘विनंती’ लिहावं की ‘निर्णय’, यावर सात महिने गेले होते. पाठवलेल्या मेलमध्ये ‘निर्णय’ होता.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. एका प्रकाशकाचे पैसे थकले आहेत, एक मोठं काम हातचं गेलं. खात्यात अजून ११ महिन्यांचा खर्च आहे, महिन्यातून एकदा दोघं बसून तो आकडा बघतात. पुढच्या भेटीत तिला वेगळाच प्रश्न आणायचा आहे. दार उघडून आत येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला, आई घरात आहे तरी कामावर आहे, हे कसं सांगायचं?