जुनी हायब्रिड सेडान: मागितलेला भाव आणि खरा भाव

आठ वर्षं जुनी, १,१०,००० किमी चाललेली हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक मोटर असलेली) सेडान घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा मालक जे जास्तीचे पैसे मागतोय, त्यात आजच्या दराने सुमारे १,५०० लिटर पेट्रोल येतं. हिशेब लिटरमध्येच करू.

तुमचं वर्षाचं १२,००० किमी फिरणं बहुतेक शहरात आहे. पेट्रोल गाडी लिटरला १२ आणि हायब्रिड २० किमी देत असेल, तर वर्षाला ४०० लिटर वाचतात. पावणेचार वर्षांत फरक वसूल. हेच अंतर हायवेवर कापलं असतं, तर १८ आणि २१ च्या ॲव्हरेजवर जेमतेम ९५ लिटर वाचले असते. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरण्यातच हायब्रिडचा बराचसा फायदा आहे, आणि हायवेवर ब्रेक लागतोच किती! तेव्हा तुमच्यासाठी गाडीचा प्रकार योग्य आहे. भाव मात्र तपासायला हवा.

त्याच मॉडेलच्या, एखादं वर्ष मागेपुढे असलेल्या दहा-बारा जाहिराती काढा. माइल्ड हायब्रिड त्यात मिसळू नका. ती निव्वळ इलेक्ट्रिक मोटरवर चालत नाही, तिचा भाव वेगळा. डीलरच्या किमतीत त्याचा नफा आणि कधी वॉरंटीही धरलेली असते, म्हणून मालकांच्या जाहिराती वेगळ्या ठेवा. तीन आठवडे उलटूनही न हललेली गाडी महाग लावलेली आहे, असं समजा.

खरी मेख मोटर चालवणाऱ्या हाय-व्होल्टेज बॅटरीत, म्हणजे पॅकमध्ये आहे. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी चालवायला सांगा आणि जोराने वेग घेताना पॅकमधल्या प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे सेलच्या गटाचं, व्होल्टेज बघा. एखादा ब्लॉक इतरांपेक्षा सतत खाली जात असेल, तर पॅक थकलाय. ‘बॅटरी नवीन टाकलीय’ म्हणाले तर बिल मागा: अख्खा पॅक बदलला की त्यातले एकदोन सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल? जुन्यांत एखादं नवं घातलं की थोड्याच दिवसांत दुसरं जुनं मान टाकतं. पुष्कळ सेडानमध्ये मागच्या सीटपाशी बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. ती धुळीने बुजली असेल तर पॅक तापत राहिला असणार.

पॅक मूळचाच असेल, तर नव्या पॅकचं लेखी कोटेशन घ्या आणि त्याची निम्मी रक्कम भावातून कमी करायला सांगा. मालक तयार नसेल तर ही गाडी सोडा. सौदा जमलाच, तर उरलेली निम्मी रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. त्यासाठी आणीबाणीच्या पैशांना हात लावू नका.