सेंद्रिय सौरघटाचा पॉलिमर: बँडगॅप कमी करून भागते का?

‘पॉलिमरचा बँडगॅप कमी केला की तो जास्त प्रकाश शोषणार, मग सौरघट सुधारायला अडचण कोणती?’ असे आपण विचारले आहे. मुंबईतील एका प्रयोगशाळेत मी हेच पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, बनवतो. माझ्या अनुभवात अडचण कागदावरच्या रेणूपेक्षा काचेवरच्या थरात जास्त असते.

बँडगॅपचा, म्हणजे पदार्थातील इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापातळीत नेण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, मुद्दा खोटा नाही. पी३एचटी या जुन्या पॉलिमरचा बँडगॅप सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पलीकडचा प्रकाश वाया जातो. म्हणून साखळीत इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढणारे घटक आळीपाळीने गुंफतात. मात्र या खटाटोपात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या कक्षेची ऊर्जापातळी वर सरकली, तर घटाचा व्होल्टेज घटतो. ती खाली राखण्यासाठी साखळीत फ्लोरिन घालतात.

खरी मेख पुढे आहे. प्रकाश शोषल्यावर येथे सुटा इलेक्ट्रॉन मिळत नाही, तर इलेक्ट्रॉन आणि पोकळीची (त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेची) बांधलेली जोडी, म्हणजे एक्सायटॉन तयार होतो, आणि तो साधारण १० नॅनोमीटर अंतरातच विझतो. तेवढ्यात त्याला ग्राही, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणारा दुसरा पदार्थ भेटला पाहिजे. म्हणून दोन्ही पदार्थ बारीक मिसळलेले हवेत, पण प्रत्येकाची वाट इलेक्ट्रोडपर्यंत अखंडही हवी. हा तोल बराचसा बाजूच्या अल्किल (कार्बन-हायड्रोजनच्या) साखळ्यांवर ठरतो. त्या आखूड ठेवल्या तर पॉलिमर विरघळत नाही आणि फ्लास्कमध्ये नुसता गोळा उरतो. फार लांब व फांद्यांच्या केल्या तर मुख्य साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत.

रचनेचा हा फरक डोळ्यांनी दिसतो. पी३एचटीचे क्लोरोबेंझिनमधले द्रावण नारिंगी असते आणि काचेवर थर वाळताना ते जांभळट होते. त्याच एककांपासून बनलेल्या, पण बाजूच्या साखळ्या वेड्यावाकड्या दिशांना जोडलेल्या पॉलिमरचा थर मात्र पिवळट-नारिंगीच राहतो. पहिल्यांदा मी बाटलीवरची चिठ्ठी दोनदा तपासली होती.

पॉलिमरचा जोडीदार, म्हणजे ग्राहीही विसरू नये. २०१९ मध्ये वाय६ हा नवा ग्राही आला आणि पीएम६ या आधीच उपलब्ध असलेल्या पॉलिमरसोबत कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर गेली. त्यामुळे नवा पॉलिमर आखताना ग्राही आधी ठरवावा, असे माझे मत आहे. शिवाय संश्लेषणाचे टप्पे मोजावेत: बारा टप्प्यांचा पॉलिमर शोधनिबंधात शोभतो, पण किलोभर करायला कोणी धजावत नाही.