आधी माल दाखव

भाऊ,

तुझा मेसेज वाचला. फोटो पण बघितले, धुळ्याच्या मालधक्क्याच्या फरशीतून उगवलेलं गवत वगैरे. ते गवत दर पावसाळ्यात उगवतं आणि रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागली की हमालांच्या टोळीच्या पायाखाली मरतं, त्याचे फोटो भुसावळला डीआरएम साहेबांना, रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, पाठवून काही होत नसतं. तुला नेमकं काय विचारायचंय तेच मला कळेना. एकीकडे म्हणतोस नाना, धुळे-चाळीसगाव ब्रँच वाचवायला निवेदन लिहून द्या, रेल रोको करू, दुसरीकडे म्हणतोस भिवंडीला गोडाऊनमध्ये काम मिळतंय, जाऊ का, आणि मध्येच वडील म्हणताहेत टोळी सांभाळ. बोल ना भो, काय करानं शे तुले?

ही ब्रँच टिकली पाहिजे का, हे मी तुला सांगत बसणार नाही. मुकादमाच्या घरात वाढलास, बारदानाच्या वासात अभ्यास केलास, तुला ते माहीत आहे. मला एकच सांगायचंय आणि तेच तेच सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. आधी माल, मग मागणी.

धुळे-चाळीसगाव लाईन १९०० सालची. सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येणारी ताप्ती व्हॅलीची लाईन पण त्याच सुमाराची. या काही आपल्या पणजोबांना यात्रेला न्यायला टाकल्या नव्हत्या, इथे कापूस होता म्हणून टाकल्या. बाकी पॅसेंजर, शटल, आता ती मेमू, हे सगळं नंतर त्या रुळांवर बसलं. माल होता म्हणून रूळ आले, हा क्रम तुमच्या कमिटीतल्या लोकांना उलटा का दिसतो मला समजत नाही.

माल कसा गेला ते तरी नीट समजून घे, कारण तुझ्या मेसेजात 'सरकारने जाणूनबुजून मारली' असं तीनदा आहे. पूर्वी एकटा व्यापारी एक वाघीण, म्हणजे मालाचा एक डबा, बुक करायचा, चार चाकांची, २०-२२ टनांची. पिकअप गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत दोन डबे इथून, एक तिथून असं गोळा करत जायची, मग भुसावळच्या यार्डात त्यांची जुळणी व्हायची, कोणता कुठे जायचा तो तिकडच्या गाडीला लागायचा. यात वेळ जायचा, डबे हरवायचे, आठवडा आठवडा पत्ता नसायचा, खोटं कशाला बोलू. १९८० नंतर रेल्वेने ठरवलं की एका ठिकाणी अख्खी गाडी भरायची, एका ठिकाणी अख्खी खाली करायची. म्हणजे ४०-४२ डबे, २,५०० टनांच्या आसपास.

आता आपला जिनिंगवाला बघ, कापसातून सरकी काढून गाठी बांधणारा. तो गाठी विकतो १०० च्या लॉटने. एक गाठ धर १७० किलो, लॉट झाला १७ टन, म्हणजे एक ट्रक. तमिळनाडूतल्या मिलला एक लॉट, गुजरातला दोन, असा त्याचा धंदा. रेक भरायची तर दीडशेच्या जवळ लॉट लागतील, ते पण एकाच गावाला जाणारे, एकाच दिवशी. कुठून आणेल? त्यात धुळं बसलंय आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवेच्या चौकात, ट्रक जिनच्या दारात येतो आणि थेट मिलच्या दारात उतरतो. धक्क्यावर आणायचा तर एक हमाली इथे जास्त, एक तिकडे जास्त. यात कोणाचा कट नाही रे.

म्हणून म्हणतो, आधी माल, मग मागणी.

काही वर्षांपूर्वी असंच एक निवेदन फिरलं होतं, माझ्याकडे पण आलं. मी सही केली नाही. त्यावर गावात दलाल, विकला गेलेला, काय काय ऐकलं, तुझ्या वडिलांनी पण महिनाभर बोलणं सोडलं होतं, विचार त्यांना. पण त्या कागदावर सह्या करणाऱ्यांत निम्म्यांचे स्वतःचे ट्रक होते! मी तिथेच विचारलं, तुमच्यापैकी पुढच्या महिन्यात कोण किती टन रेल्वेने पाठवणार, लिहून द्या, मी ते निवेदनाला जोडतो आणि पहिली सही माझी. सगळे चहा पिऊन गेले. आज तो कागद परत आणलास तरी मी सही करणार नाही.

आणि हो, म्हातारपणी मीही ट्रक लावले, हेही तुला कोणीतरी सांगितलं असेलच. लावले. पोरांची शिक्षणं होती. मक्याची रेक जुळवायला मी किती घरांचे उंबरे झिजवले ते कोणी सांगत नाही. चार व्यापाऱ्यांनी तोंडी हो म्हटलं, मी रेल्वेकडे रेकची मागणी, म्हणजे इंडेंट, लावला, आणि रेक यायच्या आदल्या रात्री ट्रकचं भाडं पडलं म्हणून एकाने पोती फिरवली, मग त्याचं बघून दुसऱ्याने. इंडेंटचे पैसे गेले ते माझ्या खिशातून. याचं मला अजून लागतं, पैशाचं नाही, खान्देशात चार माणसं एका रेकसाठी शेवटपर्यंत एकत्र राहिली नाहीत याचं. तेव्हापासून माझा नियम, टन लेखी आणि थोडा ॲडव्हान्स हातात. तोंडी हो म्हणजे नाही.

पाचोरा-जामनेरचं उदाहरण तूच दिलंस म्हणून सांगतो. पीजे सगळ्यांच्या लाडाची, शंभरी गाठलेली. पण नॅरोगेजचा माल पाचोऱ्याला हाताने उतरवून ब्रॉडगेजमध्ये भरावा लागायचा, मग माल कधीच रस्त्यावर गेला, राहिली पॅसेंजर, आणि २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आता तीच लाईन ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत ८४ किलोमीटर मंजूर आहे. होईल तेव्हा आनंदच. पण शेंदुर्णी, पहूरचा कापूस-मका त्यावर चढणार का, हे आज कोणी विचारतंय का?

आपल्याकडे पण तेच. इंदूर-मनमाड लाईनला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, २०२८-२९ चं टार्गेट. गावात फटाके वाजले. धुळं मधोमध येणार, छानच आहे. पण भाऊ, मनमाडला सरळ वाट झाल्यावर मुंबईकडचा माल चाळीसगावला वळसा घालून कशाला जाईल? आणि नरडाण्याला ताप्ती लाईनची जोड मिळाली की भुसावळकडचा पण तिकडून निघू शकतो. मग शिरूड, राजमाने, जामदा या स्टेशनांचं काय होणार, हे खरं कोणालाच सांगता येणार नाही. ते माल ठरवेल.

तुझ्यासाठी काम आहे. निवेदन बाजूला ठेव, एक वही घे. धक्क्यावर युरियाची रेक येते, खाली होते आणि रिकामे डबे परत जातात, बरोबर? त्या रिकाम्या डब्यांत काय बसेल, तिथून सुरू कर. रिकाम्या दिशेने माल भरला तर भाड्यात सवलत अशी रेल्वेची स्कीम निघालेली आहे, २० डब्यांची मिनी रेक असते, दोन ठिकाणी मिळून एक रेक भरायची सोय पण असते. कोणती आपल्याला लागू होते ते चाळीसगावच्या गुड्स ऑफिसात विचार, फोनवर नको, समोर जाऊन बस. सावदा-रावेरच्या केळीवाल्यांकडे पण जा. किसान रेलच्या, त्या शेतमालाच्या गाड्यांच्या, वेळी निम्मं भाडं माफ होतं तोपर्यंत दिल्लीला माल जोरात गेला, सवलत गेल्यावर काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐक. सवलतीवर आलेला माल सवलतीबरोबर जातो.

मका, ज्वारी, पेंड, जो कोण महिन्याला १०० टनांच्या वर एकाच दिशेला पाठवतो, त्याचं नाव लिही. किती टन, कुठे, कोणत्या महिन्यात, ट्रकला टनामागे काय देतो. भाव विचारलास की लोक आधी खोटं सांगतील, ड्रायव्हरला चहा पाज, तो खरं सांगतो.

आणि व्यापारी म्हणेल रेल्वेत माल भिजतो, तर त्याचं उत्तर तुझ्या वडिलांकडे आहे. ते भरायच्या आधी डब्यात शिरून दोन्ही दारं लावून घेतात आणि अंधारात वर बघतात, पत्र्यातून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण, त्याखाली पोतं ठेवायचं नाही, नाहीतर डबा रिजेक्ट. मी पाहिलंय, भर मे महिन्यात, आत भट्टी झालेली असते, तरी एक डबा सोडत नाहीत. व्यापाऱ्याला धक्क्यावर आणून हे दाखव.

भिवंडीचं म्हणशील तर त्यांना पंधरा दिवस मागून घे. वहीत लेखी टन निघाले तर थांब, मी तुझ्याबरोबर येतो, गुडघे दुखतात तरी येतो. नाही निघाले तर बॅग भर आणि जा, वडिलांशी मी बोलेन. गोडाऊनचं काम कमी नाही, आणि तिथे पण कोणता ट्रक रिकामा परत जातो ते बघत राहा.

सोमवारी मार्केट यार्डपासून सुरुवात कर, अकराच्या आत जाऊ नकोस, लिलाव चालू असतात, कोणी बोलणार नाही. आणि यादी हाताने लिही, फोटो काढून पाठव. एक्सेल माझ्या मोबाईलवर उघडत नाही.

नाना