परसातल्या वाफ्यातला बटाटा: पाला कमरेएवढा, बटाटे गोटीएवढे

प्रश्न (मंचर परिसर): परसात विटांचा ८ बाय ४ फुटांचा, दीड फूट उंच वाफा काठोकाठ मातीने भरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बटाटे लावले, दोनदा युरिया दिला. पाला माजला, पण बटाटे गोटीएवढे निघाले आणि वरचे हिरवे पडले. काय चुकले?

उत्तर: ताई, लावण लवकर झाली आणि युरियातले नत्र जास्त झाले. बटाटा पोसतो थंड रात्रीत. रात्रीचे तापमान २० अंशांखाली उतरेपर्यंत झाड सगळी ताकद पाल्यात घालते, त्यात युरिया मिळाला की विचारूच नका. यंदा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. युरिया वगळा, चांगले कुजलेले शेणखत पुरते. चुलीची राख मात्र या वाफ्यात नको, सालीवर खवल्यांसारखे डाग वाढतात.

हिरवे पडण्याचे कारण तो काठोकाठ भरलेला वाफा. बटाटा मुळाला नव्हे, खोडाच्या जमिनीतल्या फांद्यांना लागतो आणि पोसताना वर येतो. त्याला मातीची भर लागते, आणि तुमच्या वाफ्यात ती घालायला जागाच उरली नव्हती. म्हणून लावताना वाफा अर्धा फूट रिकामा ठेवा. दोन फुटांवर दोन ओळी, ओळीत आठ इंचांवर एक बटाटा, म्हणजे २४ बेणे, किलोभरात काम होते. रोपे वीतभर झाली की बुडाशी माती ओढा, पंधरा दिवसांनी पुन्हा. उरलेली अर्ध्या फुटाची जागा अशी भरते. उघडा पडलेला बटाटा दिसला की त्याच दिवशी झाका. हिरवे झालेले खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते.

उंच वाफा लवकर सुकतो. थोडे थोडे पण नियमित पाणी द्या. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा.

प्रश्न (सातगाव पठार): खरिपात कापून लावलेले बेणे निम्मे सडले. रब्बीत कापावे का?

उत्तर: दादा, पावसाळ्यात ओल्या जमिनीत कापलेली फोड सडतेच, तेव्हा अख्खेच बेणे लावा. रब्बीत कापायला हरकत नाही. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा, १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घालून त्यात बुडवा आणि सावलीत सुकवूनच लावा. आत काळी रेघ दिसलेला बटाटा बाजूला काढा आणि तो कापलेला विळा धुतल्याशिवाय पुढच्याला लावू नका.